हॅलोवीनचे जादा तिकीट : दाम मालाचे की तारखेचे?

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या बाजारपेठेत ऑक्टोबरच्या अखेरीस एक नवा हंगाम शिरला आहे. बोहरी आळीत आकाशकंदील आणि दिव्यांच्या माळांच्या जोडीला रबरी मुखवटे, काळे झगे आणि प्लॅस्टिकचे भोपळे टांगलेले दिसतात. मॉल, हॉटेले आणि उपनगरांतील मोठ्या सोसायट्या 31 ऑक्टोबरच्या सुमारास 'हॅलोवीन नाइट' ठेवतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या मनोरंजन उद्यानातही या दिवसांत भुताखेतांचे कार्यक्रम झालेले आहेत. हा सण मुळात युरोप-अमेरिकेचा. तो कोणी पाळावा, कोणी पाळू नये, हा या पानाचा विषय नव्हे. या पानाचा विषय रोकड व्यवहाराचा आहे. नेहमीच्या तिकिटावर चार पैसे जास्त घेऊन जो कार्यक्रम विकला जातो, त्यात गिऱ्हाइकाला जास्तीचे काय मिळते? आणि अशा कार्यक्रमासाठी काम करणाऱ्या किंवा तेथे स्टॉल लावणाऱ्या आमच्या बांधवांच्या हाती काय उरते?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. पाच माणसांचे कुटुंब उद्यानात न्यायचे म्हणजे तिकिटे, गाडीभाडे, टोल आणि आतले खाणेपिणे मिळून एखाद्या शिंप्याची किंवा सुताराची आठवड्याची मजुरी सहज उडते. त्यावर आणखी जादा तिकीट द्यायचे तर हिशेब आधी मांडलेला बरा.

मंदीच्या महिन्यातून निघालेला धंदा

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात नॉट्स बेरी फार्म नावाचे उद्यान आहे. रस्त्याच्या कडेला फळे आणि कोंबडीचे जेवण विकणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाने ते वाढवत नेले. 1973 साली या उद्यानाने ऑक्टोबरच्या अखेरीस तीन रात्री भुतांचा कार्यक्रम केला आणि त्याला वेगळे तिकीट लावले. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा सुरू झाल्या की तिकडील उद्यानांत गिऱ्हाईक रोडावते. यंत्रे तीच, जागा तीच, कायम नोकरांचा पगार तोच आणि गल्ला मात्र रिकामा. अशा महिन्यात दिवसाचा खेळ संपल्यावर दरवाजे बंद करायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या तिकिटावर पुन्हा उघडायचे, ही ती युक्ती. एकाच दुकानात दिवसा एक आणि रात्री दुसरा धंदा करावा, तसाच हा प्रकार.

युक्ती चालली. 1991 मध्ये फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओने तीन रात्रींचा असाच कार्यक्रम सुरू केला. पुढील वर्षापासून तो 'हॅलोवीन हॉरर नाइट्स' या नावाने चालू आहे आणि आता दोन महिन्यांत कितीतरी रात्री होतो. 1995 मध्ये डिस्नेने लहान मुलांसाठी न घाबरवणारी हॅलोवीन पार्टी एकाच रात्रीपुरती ठेवली होती. तिचे तिकीट सतरा डॉलरच्या आतच होते. 2024 साली हीच पार्टी ऑगस्टपासून सुरू झाली आणि तिकीट तारखेप्रमाणे 119 ते 199 डॉलर झाले. त्या वर्षीच्या भावाने हे माणशी सुमारे दहा हजार ते साडेसोळा हजार रुपये होतात. मंदी भरून काढण्यासाठी निघालेला धंदा आज स्वतःच मोठा हंगाम होऊन बसला आहे.

जादा पैसे घेण्याच्या तीन तऱ्हा

जगभरच्या उद्यानांत हा व्यवहार साधारणपणे तीन तऱ्हांनी चालतो. गिऱ्हाइकाने प्रथम आपण कोणत्या तऱ्हेत पैसे देत आहोत हे ओळखावे.

पहिली तऱ्हा अमेरिकेची. दिवसाच्या गिऱ्हाइकाला बाहेर काढायचे आणि रात्रीच्या कार्यक्रमाला पूर्ण स्वतंत्र तिकीट घ्यायचे. येथे दाम चढे असते, पण मालही वेगळा असतो. फ्लोरिडातील युनिव्हर्सलने अलीकडच्या वर्षांत दर हंगामाला दहा भुतघरे उभी केली आहेत. ती त्या हंगामापुरती असतात आणि पुढच्या वर्षी नवी येतात. डिस्नेच्या पार्टीत खास मिरवणूक, आतषबाजी आणि मुलांना खाऊ मिळतो. तिकिटांच्या संख्येवर मर्यादाही असते.

दुसरी तऱ्हा इंग्लंडमधील अल्टन टॉवर्स या उद्यानाची. तेथे 2007 पासून ऑक्टोबरमध्ये 'स्केअरफेस्ट' होतो. नेहमीच्या तिकिटात सजावट आणि फिरती सोंगे पाहायला मिळतात, पण भुतांच्या चक्रव्यूहात शिरायचे असेल तर त्याचे पैसे वेगळे. ज्याला जेवढे हवे तेवढेच त्याने घ्यावे, असा हा सौदा आहे. ज्या आजोबांना अंधारात शिरायचे नाही, त्यांना नातवाच्या हौसेचे पैसे भरावे लागत नाहीत.

तिसरी तऱ्हा जपानच्या ओसाका येथील युनिव्हर्सलची. संध्याकाळ झाली की रस्त्यांवर सोंगे घेतलेले नट फिरू लागतात आणि हा खेळ दिवसाच्या तिकिटातच बसवलेला असतो. काही खास खेळांना मात्र वेगळे पैसे लागतात.

आमच्या मते साध्या गिऱ्हाइकाला दुसरी आणि तिसरी तऱ्हा परवडणारी आहे. पहिली परवडते, पण केव्हा, ते पुढे पाहू. आपल्याकडे भीती आहे ती चौथ्या तऱ्हेची. तिच्यात दिवसही तोच, खेळही तेच, फक्त दारात चार भोपळे मांडलेले आणि तिकीट मात्र वाढलेले.

तारखेचे दाम आपल्यालाही नवे नाही

तारखेप्रमाणे तिकीट बदलणे ही विलायती कल्पना आहे असे कोणी समजू नये. आपल्या पुणे जिल्ह्यातच नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. पाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथे येऊन फडाची सुपारी देतात. फड तोच, कलावंत तेच, वगही तोच. पण ज्या तिथीला अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात, त्या तिथीची सुपारी चढी असते आणि मोकळ्या तारखेची उतरती. डिस्नेच्या पार्टीचे तिकीट ऑगस्टमध्ये स्वस्त आणि 31 ऑक्टोबरच्या सुमारास सर्वांत महाग असते, त्यामागेही हाच कायदा आहे.

यात्रेच्या गावाला तारीख बदलता येत नाही, कारण देवाची तिथी ठरलेली. उद्यानाच्या गिऱ्हाइकाला मात्र तारीख बदलता येते. तीच भुतघरे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मंगळवारी-बुधवारी पाहिली तर कमी पैशात आणि कमी गर्दीत दिसतात. शेवटच्या शनिवारी जाणारा माणूस जादा पैसे देतो आणि वर धक्केही खातो. त्या जादा रकमेतून त्याला माल मिळत नाही, तारीख मिळते.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. हॅलोवीन आणि दिवाळीची सुटी जवळजवळ येतात. 2024 मध्ये तर 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. दिवाळीच्या सुटीत उद्याने एरवीही भरतात आणि दरही चढे असतात. तेव्हा त्या दिवसांत जे जास्त पैसे मोजले जातात, ते हॅलोवीनचे किती आणि सुटीचे किती, हे तिकीट काढण्याआधी त्याच उद्यानाचा त्याच आठवड्याचा साधा दर पाहून ताडावे.

रांगेचा हिशेब

जाहिरातीत भुतघरांचा आकडा मोठा असतो. रांगेचा आकडा कोणी छापत नाही. फ्लोरिडातील कार्यक्रमाचेच उदाहरण घेऊ. संध्याकाळी साडेसहा ते रात्री दोन म्हणजे साडेसात तास, अर्थात 450 मिनिटे. दहा भुतघरांपुढे प्रत्येकी एक तासाची रांग धरली तर नुसत्या रांगेलाच 600 मिनिटे लागतात. आतला फेरा जेमतेम पाच मिनिटांचा. म्हणजे दहा घरांचे पैसे देऊन माणूस सहा-सात घरे पाहून परततो आणि साडेसात तासांत त्याच्या वाट्याला प्रत्यक्ष खेळ अर्ध्या तासाच्या आसपास येतो.

मग उद्यान दुसरी वस्तू विकते, ती म्हणजे रांग टाळण्याचा पास. गर्दीच्या रात्री हा पास प्रवेशाच्या तिकिटाहूनही महाग असतो. आधी गर्दी जमू द्यायची आणि नंतर गर्दीतून सुटका विकायची, असा हा व्यवहार आहे. व्यापारी म्हणून आम्हास त्यातली हुशारी कळते. पण गिऱ्हाईक म्हणून जाताना तिकीट अधिक पास हीच खरी किंमत धरावी, नाहीतर घरी ठरवलेला खर्च दारातच दुप्पट होतो.

पुण्याच्या घरचा हिशेब

आता आपल्याकडे येऊ. इमॅजिका हे उद्यान 2013 मध्ये 'अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका' या नावाने सुरू झाले. चित्रपट प्रक्रियेच्या धंद्यातून आलेले मनमोहन शेट्टी त्याचे संस्थापक. 2022 मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. पुण्याहून द्रुतगती मार्गाने जाऊन एका दिवसात परत येता येते, म्हणून पुणेकर कुटुंबांना ते सोयीचे. तेथे सलीमगढ नावाचा भुताटकीचा किल्ला हा उद्यानाच्या खेळांपैकीच एक म्हणून उभारलेला आहे. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. साध्या दिवशीच्या तिकिटात जे भय मिळते, त्याचेच पैसे हॅलोवीनला पुन्हा देऊ नयेत.

उदाहरणादाखल समजा, एखाद्या उद्यानाचे साधे तिकीट 1,500 रुपये आणि हॅलोवीनच्या दिवसाचे 2,000 रुपये आहे. आईवडील, आजी आणि दोन मुले असे पाच जण गेले तर जादा रक्कम 2,500 रुपये. कार्यक्रमात चार नव्या गोष्टी आहेत. त्यांपैकी दोन अंधाऱ्या घरांत धाकटा मुलगा आणि आजी जाणार नाहीत, आणि त्यांच्याजवळ बसायला आई बाहेर थांबणार. म्हणजे पाच जणांचे जादा पैसे भरून त्या दोन घरांत दोघेच जाणार. उलट कॉलेजातले पाच मित्र गेले तर पाचही जण चारही गोष्टी पाहतील. रक्कम तीच, पण एकाचा सौदा तोट्याचा आणि दुसऱ्याचा बरोबरीचा.

तिकिटातला कराचा भागही पाहावा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या प्रवेशावर 28 टक्के कर होता. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आणला गेला. जाहिरातीतला दर करासह आहे की कराविना, हे विचारून घ्यावे. पाच तिकिटांवर हा फरक हजारांत जाऊ शकतो.

यावरून आम्ही तीन कसोट्या सुचवितो. कार्यक्रमाची वेळ वेगळी आहे काय? खेळ त्या हंगामासाठीच बनवलेले आहेत काय? तिकिटांच्या संख्येवर मर्यादा आहे काय? तीनपैकी दोन उत्तरे होकारार्थी आली तर जादा पैसे द्यायला हरकत नाही. एकच आले तर साध्या दिवशी जावे. एकही आले नाही तर ते तारखेचे दाम समजावे आणि घरी बसावे. दहा वर्षांखालील मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर, आमच्या मते, स्वतंत्र तिकिटाचा भीतीचा कार्यक्रम घेऊच नये.

भीती खोटी, धोका खरा

जादा तिकिटात एक वस्तू अशी आहे की जिच्यासाठी पैसे देताना कुरकुर करू नये. ती म्हणजे सुरक्षितता. अमेरिकेत न्यू जर्सी येथील सिक्स फ्लॅग्ज उद्यानात ट्रेलर एकमेकांना जोडून 'हाँटेड कॅसल' उभारला होता. 11 मे 1984 रोजी त्यास आग लागली आणि आठ तरुण मुले मृत्युमुखी पडली. आत पाण्याचे फवारे नव्हते, आणि पसरायला प्लायवूड व फोम होते. त्यानंतर तेथे नियम कडक झाले. अशा घरात धूर आढळला की भीतीचे आवाज बंद व्हावेत, दिवे लागावेत आणि बाहेरची वाट दिसावी, अशी व्यवस्था सक्तीची झाली. त्याआधी 1979 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लुना पार्कमधील भुतांच्या गाडीला आग लागून सात जण दगावले होते.

दूर कशाला जा. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागून सत्तावीस माणसे गेली. तेथे वेल्डिंगचे काम चालू होते, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नव्हता आणि 99 रुपयांच्या सवलतीच्या तिकिटाने गर्दी जमली होती, असे वृत्तपत्रांनी छापले. स्वस्त तिकिटाचीही अशी किंमत असते.

आणि जेथे तिकीटच नाही, तेथे गर्दीला बांध नसतो. 29 ऑक्टोबर 2022 च्या रात्री दक्षिण कोरियाच्या सोल शहरात इतेवोनच्या अरुंद गल्लीत हॅलोवीनसाठी जमलेल्या लोकांची चेंगराचेंगरी होऊन 159 जणांचा बळी गेला. त्या गर्दीला कोणी एक आयोजक नव्हता. म्हणून तिकिटांची संख्या मर्यादित आहे काय, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचा आहे. आत शिरण्यापूर्वी बाहेर पडायची दुसरी वाट कोठे आहे, हे विचारायला लाजू नये.

कारागीर बांधवांसाठी

भुतघर म्हणजे शेवटी प्लायवूड, चौकटी, रंग, कापड, वायरिंग आणि शिलाई. भवानी पेठेच्या लाकूडबाजारापासून कॅम्पातल्या शिलाईच्या दुकानांपर्यंत हे सर्व हात पुण्यात आहेत. गणेशोत्सवात मंडळांचे देखावे ज्यांनी उभे केले, त्यांना अंधाऱ्या वाटा आणि हलती बाहुली करणे नवे नाही. गणपती आणि लग्नसराई यांच्या मधला हा हंगाम. त्यामुळे हॉटेल, मॉल किंवा सोसायटीचे काम आले तर घ्यावे, पण पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

ऑर्डर लेखी घ्यावी. मालाच्या किमतीएवढा बयाणा काम सुरू होण्यापूर्वी घ्यावा, कारण 1 नोव्हेंबरला त्या सामानाची किंमत भंगाराची असते. उभारणीबरोबर उतरवण्याची मजुरीही ठरवावी. बहुतेक भांडणे तेथेच होतात. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या लहान उद्योगाने उद्यम नोंदणी केलेली असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे त्याचे बिल फार तर 45 दिवसांत चुकते करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. लेखी करार नसेल तर मुदत पंधरा दिवसांचीच. ही नोंदणी मोफत होते. बिलावर नोंदणी क्रमांक छापावा.

आणि एक गोष्ट पैशांपलीकडची. फोमचे पत्रे, सुके गवत, साधे पडदे आणि उघडी वायर एकत्र करून अंधारी वाट बांधू नये, गिऱ्हाईक कितीही घाई करो. आगीला लवकर न पेटणारे कापड महाग पडते, ते अंदाजपत्रकातच दाखवावे. दोन वाटा ठेवाव्यात. उद्या काही झाले तर पहिला प्रश्न बांधणाऱ्याला विचारला जातो.

स्टॉल लावणाऱ्यांसाठी

'हॅलोवीन नाइट'च्या स्टॉलचे भाडे नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणजे येथेही तुम्ही जादा तिकीटच घेत असता. समजा भाडे 6,000, पोऱ्याची मजुरी 1,000 आणि टेम्पो 500, असे एकूण 7,500 रुपये. मालावर शंभरामागे तीस रुपये सुटत असतील तर नुसते बरोबरीत यायला 25,000 रुपयांची विक्री हवी. सरासरी बिल 200 रुपयांचे धरले तर 125 गिऱ्हाइके. कार्यक्रम पाच तासांचा असेल तर तासाला पंचवीस. एवढी गिऱ्हाइके दोन माणसांकडून होतील काय? आयोजकाने किती तिकिटे विकली आहेत, त्याच मालाचे आणखी किती स्टॉल आहेत आणि पाऊस आला तर भाडे परत मिळेल काय, हे तिन्ही प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. उत्तर गोलमोल मिळाले तर आपले दुकान उघडे ठेवणे बरे.

सणासुदीला आपणही दर वाढवतो. ईदच्या आदल्या आठवड्यात शिंपी शिलाई वाढवतो. रात्रभर जागून कपडे वेळेवर दिले तर गिऱ्हाईक ती खुशीने देते आणि पुढल्या वर्षी परत येते. कपडे चाँदरातीलाही मिळाले नाहीत, तर वाढीव शिलाई घेतल्याची आठवण वर्षभर राहते. उद्यानवाल्यांनाही हाच न्याय लावावा. जास्त दाम घेणाऱ्याने जास्त माल दाखवावा, आणि तो दिसत नसेल तर गिऱ्हाइकाने पाकीट खिशातच ठेवावे.